मऊ म्हणजे गोड नव्हे

दाणा वाळला की नाही, हे आमच्या घरात माझ्या दाढेला विचारतात. सोयाबीन असो, तूर असो, ज्वारी असो, उन्हात पसरलेल्या मालातले मूठभर दाणे माझ्या हातावर येतात आणि मी त्यातला एक उजवीकडच्या खालच्या दाढेखाली धरते. कट्ट वाजलं, दाण्याचे दोन तुकडे झाले, की भरा पोती. नुसता दबला, दाढेला चिकटला, की पसरा परत. बाजारात ओलावा मोजायचं मशीन असतं, ते मला माहीत आहे. पण माल गाडीत घालून तिथवर नेला आणि मशीननं ‘ओला’ म्हटलं, की भाव पडतो, मग मशीनला शिव्या देऊन काय उपयोग? त्याच्या आधी घरात कुणी सांगणारं पाहिजे की नाही? सांगणारी मी. म्हणजे माझी दाढ.

ती दाढ हलायला लागली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

मला साखर आहे. आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावकडं मधुमेह कुणी म्हणत नाही, ‘साखर झाली’ म्हणतात, जसं काही कुणाच्या साखरपुड्यात वाटणीला आली. बरीच वर्षं झाली तिला. गोळी घेते, चहा फिका पिते, आणि आपण लई पथ्य पाळतो असं मला वाटायचं. हिरड्या सुजायच्या, दात घासताना रक्त यायचं, तर मी म्हणायची वय झालं. साखरेचा आणि दाताचा काही संबंध असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. साखर पायाला लागते, डोळ्याला लागते, एवढं ऐकून होते. जबड्यालाही लागते, हे काहून कुणी बोलत नाही कोण जाणे.

दाढ इतकी हलली की भाकरी डावीकडून चावायला लागले. मग सुनेनं एक दिवस जीप थांबवली आणि मला हिंगोलीला नेलं.

दाताची डॉक्टरीण तरणी होती. माहेर कोकणातलं, लग्न करून आमच्या हिंगोलीत आलेली. मला ‘आजी’ म्हणाली, त्या लांबलचक खुर्चीवर निजवलं, तोंडात आरसा घातला आणि पहिलंच विचारलं, “आजी, शुगर आहे का?” मी हो म्हटलं. तिनं बोटाला टोचून तिथल्या तिथं बघितली आणि म्हणाली, एवढी साखर असताना मी दाढ काढणार नाही. आधी तुमच्या डॉक्टरांकडून खाली आणा.

मला पटलं. पाऊस पडून गेल्यावर लगेच कुणी शेतात औत घालत नाही, ओल जिरून वापसा होऊ देतात. तसंच हे. गोळ्या बदलल्या, साखर उतरली, आणि मग दाढ निघाली. दुखलं नाही. खोटं कशाला सांगू, सुई टोचताना मी सुनेचा हात इतका दाबला की तिच्या बांगड्यांचे वळ उमटले.

खुर्चीवरून उठायच्या आधीच मी विचारून घेतलं, “इथं दुसरा दात बसंल का? काढ-घाल करायचा न्हाई. पक्का. दाणा फुटला पाहिजे त्याच्याखाली.”

डॉक्टरीण हसली. म्हणाली, “बसेल आजी. पण तो हाडात बसवावा लागतो, स्क्रूसारखा. आत्ता तिथं खड्डा आहे. तो आधी हाडानं भरला पाहिजे. साखर असली की हाड भरायला वेळ लागतो, आणि साखर वाढलेली राहिली तर नीट भरतच नाही. मग मी स्क्रू बसवणार नाही. पोकळ भिंतीत खिळा ठोकून काय फायदा?”

म्हणजे आता सगळं त्या खड्ड्यावर आलं. तो भरला तर माझी दाढ परत, आणि नाही भरला तर उरलेलं आयुष्य दाणे दुसऱ्याच्या दाताखाली. मी मनात पक्कं केलं की हा खड्डा मी भरून दाखवणार. शेतातली इतकी खाचखळगी भरली आम्ही, हा तर बोटभर.

निघताना तिनं सांगितलं, जोरात चूळ भरू नका, तिथं जीभ लावू नका, मिसरी बंद, आणि आठवडाभर मऊ खा.

मिसरी मी कधीच सोडली होती. चूळ, जीभ, सगळं पाळलं. आणि मऊ तर असं खाल्लं, असं खाल्लं, की विचारू नका.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. आजाऱ्याला मऊ खायला सांगितलंय, ही बातमी जीपमधून उतरायच्या आत गल्लीत पोचली होती. संध्याकाळी मोठ्या जाऊबाई आल्या. आमची घरं शेजारी, भिंतीला भिंत. त्यांच्या हातात कपड्यात बांधलेला डबा. त्यात शिरा, तुपात नुसता पोहत होता. जाऊबाईंचा शिरा गल्लीत नावाजलेला आहे, कुणाकडं बाळंतीण असो, पाहुणा असो, शिरा ढवळायला त्यांनाच बोलावतात.

म्हणाल्या, “गुळाचा केलाय गं धाकटे. साखरेचा एक दाणा न्हाई. तुझी साखर मला ठावं हाय.”

किती जपून केलं होतं बघा. मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी सुनेनं लापशी केली, तीही गुळाची. शेजारणीनं शेवयाची खीर धाडली. लेकीनं फोनवरून सांगितलं म्हणून दुधात केळं कुस्करून दिलं. कुणी गोड सांजा आणला. आणि जाऊबाईंचा डबा तर रोज, न चुकता. आमच्यात मऊ म्हटलं की गोडच. आजारी माणसाला तिखट-मिठाचं मऊ द्यायचं म्हणजे त्याची हेळसांड. माणूस अंथरुणावर पडला आणि त्याच्या तोंडाला गोड लागलं नाही, तर घरच्या बायकांना बोल लागतो. मीही सुनेला कितीदा हेच शिकवलेलं. त्यामुळं तिनं काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी बराबरच केलं. बराबर करता करता माझी साखर छपराला लागली.

आठवडा सरत आला आणि जबडा ठणकायला लागला. आधी थोडं, मग कानापर्यंत कळ. तोंडाला वास यायला लागला. मी आरशात बघितलं तर खड्डा तसाच उघडा. आत काहीतरी पांढरं दिसत होतं.

सून म्हणाली, “आत्याबाई, हाड भरून राहिलं वाटतं, पांढरं दिसतंय.”

मलाही तसंच वाटलं, क्षणभर बरंही वाटलं. पण भरलेली गोष्ट इतकी ठणकत नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत हिंगोलीला.

डॉक्टरीणबाईनं तोंडात बघितलं आणि तिची भुवई वर गेली. ते पांढरं म्हणजे नवं हाड नव्हतं. ते जुनंच, उघडं पडलेलं, आणि भोवती पू. बोटाला टोचलं, आकडा बघितला, परत टोचलं. मशीन बिघडलं की काय वाटलं असेल तिला.

“आजी, काय काय खाल्लं तुम्ही?”

“तुमीच सांगितलं तेच. मऊ.”

“मऊ म्हणजे काय?”

मी सांगत गेले. शिरा, लापशी, खीर, केळं-दूध, सांजा, परत शिरा. ती ऐकत गेली, आणि मग तिनं हातातला आरसा खाली ठेवून कपाळाला हात लावला.

“अहो आजी, मी मऊ म्हटलं होतं. गोड कुठं म्हटलं?”

“मग मऊ म्हंजे दुसरं काय असतंय?”

“आमच्याकडं मऊ म्हणजे मऊ भात! पेज! मीठ घालून!”

आता बघा. तिच्या कोकणात मऊ म्हटलं की ताटात भात येतो, आमच्यात शिरा येतो. शब्द एकच. ती तिकडून बोलली, मी इकडून ऐकला. आधी मलाच हसू फुटलं, ठणकत्या जबड्यानं. तीही हसली. सून मात्र हसली नाही. तिला वाटलं, सासूचा खड्डा आपल्या लापशीनं बिघडवला. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, “येडी का तू? गुळाचं होतं ते, प्रेमाचं होतं.” तर डॉक्टरीण म्हणाली, “प्रेमाचं असू द्या, पण रक्ताला गूळ आणि साखर एकच.”

मग तिनं नीट समजावलं, आणि मी नीट समजून घेतलं, कारण मला ते पुढं दहा जणींना सांगायचं होतं. मी शाळेत गेलेली नाही, लेकरांच्या पाट्या बघून अक्षरं गिरवली, पण समजून घ्यायला पाटी लागत नाही. दात काढला की खड्ड्यात रक्त साचतं आणि त्याची गाठ बसते. ती गाठ हलवायची नाही, कारण सगळं तिच्यावर उभं राहतं. मी म्हटलं, म्हणजे विरजण. ती म्हणाली, अगदी. त्या गाठीत आधी मऊ जाळी धरते आणि त्या जाळीत हळूहळू हाड भरतं, महिने लागतात. पण रक्तात साखर वाढली की हाड बांधणारे जे आतले कामकरी असतात ते सुस्त पडतात, बारीक रक्तवाहिन्यांमधून त्यांना रसद पोचत नाही, आणि जंतूंची मात्र चंगळ होते. म्हणजे गवंडी झोपलेत आणि चोर जागे, असं झालं. त्यात शिऱ्याचे कण खड्ड्यात अडकून राहिलेले. माझं विरजण असं फसलं.

तिनं खड्डा धुतला, औषधाची पट्टी भरली, गोळ्या दिल्या, आणि साखरेच्या डॉक्टरांकडं धाडलं. जाताना मी विचारलं, “आता भरंल का?”

ती म्हणाली, “भरेल. माझं अर्धं काम मी केलं. उरलेलं अर्धं तुमच्या ताटात आहे.”

ताटाचं काम असेल तर ते मला येतं, असं मी जीपमध्ये बसल्या बसल्या ठरवलं.

मऊ पण गोड नाही, असं आपल्याकडं काय आहे? पेज आमच्या तोंडाला चालत नाही, भात आमच्यात सणाला. पण ज्वारी आहे की. ज्वारी भरडून केलेल्या कण्या, ताकात शिजवलेल्या. आंबील. भाकरी वरणात कुस्करून, तास-अर्धा तास भिजवून. मुगाचं वरण, दोडक्याची मऊ भाजी. माझी आई हेच खाऊन म्हातारी झाली. कण्या आता कुणी करत नाही, कण्या म्हणजे गरिबाचं खाणं. मी सुनेला म्हटलं, “आजपासून कण्या.” ती म्हणाली, “पाहुणे आले तर काय सांगू?” मी म्हटलं, “पाहुण्यालाबी वाढ.” जेवणही मोजून, थोडंथोडं, आणि जेवलं की अंगणात फेऱ्या. पहिल्या दिवशी शेजारचं कुत्रं माझ्यामागं फिरलं, त्यालाही वाटलं म्हातारीचं काहीतरी हरवलं.

खरी लढाई जाऊबाईंशी. त्या संध्याकाळी डबा घेऊन आल्याच.

मी डबा उघडला नाही. म्हटलं, “मोठ्या बाई, शिरा नका आणू आता.”

“काहून? माझ्या हातचं कडू लागून राहिलं का तुला?”

“कडू असतं तर खाल्लं असतं. गोड हाय, हीच तर तकलीफ हाय.”

“गुळाचा हाय म्हटलं ना!”

“रक्ताला कोण सांगणार गुळाचा हाय म्हणून?”

“ती कालची पोरगी डॉक्टरीण, तिला काय कळतंय शिऱ्यातलं?”

“तिला हाड कळतं, तुमाला शिरा कळतो. मला दोघीबी लागतात. पण आता हाडाची पाळी हाय.”

“मग खाणार काय? दगड?”

“कण्या.”

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. “कण्या! अगं लोकं थुंकतील आपल्या तोंडावर. आजारी जाऊला कण्या घातल्या म्हणून. दुष्काळ पडला का घरात?”

मी म्हटलं, “तुमाला आणायचंच असंल तर कण्या आणा, लसणाची फोडणी देऊन. न्हाईतर मोकळ्या हातानं या, बसा, बोला. पण शिरा आणला तर तुमच्यासमोर तुमच्याच नातवाला खाऊ घालीन.”

उठल्या, डबा उचलला आणि गेल्या. भिंतीपलीकडून भांडी जरा जोरातच वाजत होती. त्यानंतर काही दिवस आल्याच नाहीत. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? लग्न होऊन आले तेव्हापासून संध्याकाळचं बसणं आमचं एकत्र. पण मी माघार घेतली नाही. रुसलेली जाऊ समजावता येते, पोकळ हाड समजावता येत नाही.

एका संध्याकाळी दारात परत डबा. जाऊबाईंनी तो माझ्यापुढं सरकवला. मी झाकण उघडलं. आत कण्या, वर लसणाची तांबूस फोडणी, ताकाचा आंबूस वास.

म्हणाल्या, “मीठ बघ. शिऱ्यावाणी न्हाई जमत मला हे.”

मी घास घेतला. छान मऊ शिजल्या होत्या. पण मागून जिभेला काहीतरी लागलं. मी त्यांच्याकडं बघितलं.

“मोठ्या बाई, ह्याच्यात गूळ हाय?”

“एवढासा. ताक आंबट होतं म्हणून. सुपारीएवढा.”

“सुपारीएवढा?”

“बरं, लिंबाएवढा असंल.”

मी इतकी हसले की त्यांनाही हसू आवरेना. तो डबा त्यांच्या नातवानंच संपवला. दुसऱ्या दिवसापासून कण्यांत गूळ नव्हता, आणि पुढं पुढं तर जाऊबाई स्वतःच गल्लीत सांगत फिरायला लागल्या की साखरवाल्याला शिरा म्हणजे विष. शिरा ढवळायला बोलावलं तर आधी विचारतात, कुणाला साखर आहे का घरात.

महिना झाल्यावर डॉक्टरीणबाईनं जबड्याच्या हाडाचा फोटो काढला. आधीच्या फोटोत तिथं काळा खड्डा होता, रात्रीच्या विहिरीसारखा. आता त्यात धुकं उतरल्यावाणी दिसत होतं. ती म्हणाली, “जाळी धरली आजी. हाड यायला लागलं.” तो फोटो मी सुनेला तीनदा दाखवला. धुक्यासारखं धुकं, पण ते माझ्या कण्यांचं धुकं होतं. मी डॉक्टरीणबाईला विचारलं, आता शिरा खाल्ला तर? ती म्हणाली, “धुकंच राहील.”

म्हणून मग सणवारही मी तसेच काढले. अक्षय्य तृतीयेला सगळ्यांनी आमरस ओरपला, मी नुसती कोय चोखून ठेवून दिली. त्याचं दुःख झालं नाही असं सांगत नाही. पण बघा, माणूस एका हट्टानं गोड खातो आणि दुसऱ्या हट्टानं सोडतो. हट्ट माझ्याकडं पहिल्यापासून भरपूर, फक्त बाजू बदलायची होती.

पावसाळा लागता लागता परत फोटो काढला. खड्ड्याची जागा आजूबाजूच्या हाडासारखी पांढरी दिसत होती. कुठं खड्डा होता ते डॉक्टरीणबाईनं बोटानं दाखवलं तेव्हा कळलं. साखरही महिनोन्‌महिने आवाक्यात होती. नांदेडहून दुसरे डॉक्टर येतात स्क्रू बसवायला, ते आले. जागा बधिर करून त्यांनी हाडात भोक पाडलं. मी डोळे मिटून पडले होते, पण कान उघडे होते. ते तिला म्हणाले, “चांगलं टणक आहे हो हाड.” तोंड उघडं होतं, म्हणून मला बोलता आलं नाही. नाहीतर मी सांगितलं असतं, ताकातल्या कण्यांचं आहे.

त्याच दिवशी मी बाहेर बाकड्यावर गालाला बर्फ लावून बसले होते, तेव्हा आतून डॉक्टरीणबाईचा आवाज आला. नुकतीच दाढ काढलेल्या कुण्या बाईला सांगत होती, “आठवडाभर मऊ खा. मऊ म्हणजे कण्या, आंबील, वरणात कुस्करलेली भाकरी. शिरा नाही, खीर नाही, सांजा नाही. गुळाचाही नाही.” तिचा कोकणी मऊ भात हिंगोलीत येऊन कण्या झाला होता. सून माझ्याकडं बघून हसली. मागच्या वेळी हसली नव्हती ती.

स्क्रू हाडात मुरायला परत काही महिने दिले. त्यात मी घाई केली नाही. गौरी-गणपती गेले, आणि मग त्याच्यावर दात बसला. नवा दात जिभेला काही दिवस परका लागतो, पाहुण्यासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाली, भाकरी खा, शेंगदाणे खा, पण सुपारी फोडू नका. मी विचारलं, “सोयाबीनचा दाणा?” म्हणाली, “एखादा. पोतं फोडू नका.”

तुम्हाला साखर असेल आणि दात काढायचा असेल, तर भिऊ नका. हाड भरतं. माझं या वयात भरलं, तुमचंही भरेल. फक्त दात काढायच्या आधी साखर बघा, काढल्यावर साखर बघा, आणि कुणी मऊ खा म्हटलं तर आधी त्याला विचारा, तुमच्या गावात मऊ म्हणजे काय.

सोयाबीन निघालं तेव्हा पोरगा मूठभर दाणे घेऊन आला. घाईत होता, गाडीवाला दारात उभा. जाऊबाई ओसरीवर बसल्या होत्या, सून पीठ मळता मळता थांबली. पोरगा म्हणाला, “बघ बरं माय. भरू का पोती?”

मी एक दाणा घेतला आणि उजवीकडं, नव्या दाताखाली धरला. हळू दाबला. कट्ट वाजलं नाही. दाणा दबला, चपटा झाला, दाताला चिकटला.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी दाणा काढून पोराच्या तळहातावर ठेवला.

“मऊ हाय,” मी म्हटलं. “गाडी परत धाड. अजून ऊन पाहिजे ह्याला.”